आधी छप्पर, मग पंढरपूर

(वैशाख वद्य पंचमी, संत चोखामेळा पुण्यतिथी. सायंकाळच्या कीर्तनातून.)



पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

मायबाप श्रोते हो, आज वैशाख वद्य पंचमी. चोखोबारायांची पुण्यतिथी. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, या तिथीला चोखोबांनी मंगळवेढ्यात देह ठेवला. कसा ठेवला, ते उत्तररंगात येईलच. आजचा विषय मात्र जरा निराळा घेणार आहे. तुम्ही म्हणाल, महाराज आज ब्रह्म-माया बोलतील, द्वैत-अद्वैत सांगतील. नाही. आज मी तुम्हाला तुमच्या घराच्या छपराबद्दल बोलणार आहे. हसू नका. माझा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येकानं आपल्या मनाशी द्यायचं आहे. छप्पर शाकारून झालं का?

दिवस मोजा. आज पंचमी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबारायांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. म्हणजे प्रस्थानाला महिना आणि वर दोन-तीन दिवस. रोहिण्या तर आल्याच. आणि मृग? ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं. पाऊस आपली पंचांगं वाचत नाही हे खरं, पण साधारण त्याच सुमाराला तो दारात उभा राहतो. म्हणजे पालखी निघायच्या आधी पाऊस घरी येणार. तुम्ही पताका खांद्यावर घेणार, गळ्यात टाळ अडकवणार, आणि मागं घर राहणार. घरात कोण राहणार? म्हातारी आई राहणार. लेकरं राहणार. गाभण गाय राहणार. त्यांच्या डोक्यावर काय ठेवून तुम्ही निघणार, हा आजचा विषय.

ज्या मुलुखात बर्फ पडतं, तिथं हे काम पानगळीत करतात. आपल्यातली पुष्कळ पोरं आज अमेरिकेत, इंग्लंडात आहेत. त्यांना विचारा. शरद ऋतू आला की तीही शिडी लावून छपराच्या पन्हळीत साचलेली पानं काढतात. का? तर पुढं हिवाळा आहे. ज्याचा जो कठीण काळ, त्याच्या आधीचा ऋतू तयारीचा. त्यांचा कठीण काळ हिवाळा, आपला कठीण काळ पावसाळा. देश बदलला, नियम बदलला नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, आणि पाऊस लागल्यावर कौल बदलायचं नाही.

पाऊस म्हणजे किती पाणी, याचा कधी हिशोब केलाय? शाळेत जाणाऱ्या नातवाला विचारा, तो सांगेल. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आता तुमचं घर धरा २५ फूट लांब, २० फूट रुंद. ५०० चौरस फूट. म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका छपरावर साडेचार हजार लिटर पाणी पडलं. घागरीनं मोजायला बसलात तर रात्र सरेल. कोकणात तर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस. सोलापूरकडं ५००-६०० पडतो, पण पडतो तेव्हा तोही एका रात्रीत माळवद भिजवून खाली बसवू शकतो. एवढं पाणी छपरानं अंगावर घ्यायचं आणि बाजूला सोडून द्यायचं. एक थेंब आत येऊ द्यायचा नाही. बघा, छप्पर म्हणजे केवढा मोठा साधू आहे! ऊन स्वतः खातो, पाऊस स्वतः झेलतो, वारा स्वतः सोसतो, आणि आतल्याला सावली देतो. पण साधूचीही सेवा करावी लागते की नाही? वर्षातून एकदा तरी त्याच्याजवळ जावं लागतं.

आता जायचं कसं, बघायचं कसं, ते सांगतो.

पहिलं बघणं खालून, आतून. आणि ते रात्री नाही, भर दुपारी. दारं लावा, खिडक्या लावा, घरात अंधार करा. मग मध्यभागी उभे राहा आणि वर बघा. जिथं कौल सरकलंय, जिथं पत्र्याला भोक पडलंय, तिथून उन्हाची तिरीप आत येईल. जमिनीवर त्याचा गोल कवडसा पडेल. जिथं कवडसा, तिथं पाणी. खडूनं वाशावर खूण करा. जुनी माणसं असंच करायची.

पण मायबाप, त्या कवडशाचं एक आहे. उन्हाळ्यात तो किती सुंदर दिसतो! लेकरं त्याला हातात धरायला धावतात. धुळीचे कण त्यात सोन्यासारखे नाचतात. कुणाला वाटतं का, की हे घराचं दुखणं आहे म्हणून? कुणालाच वाटत नाही. आपल्या अंगातले दोष असेच असतात. दिवस बरे असतात तेव्हा दोष शोभून दिसतो. तरुणपणी माणूस तापट असला की म्हणतात, काय रुबाब आहे! पैसा असताना उधळला की म्हणतात, काय दिलदार आहे! चार मित्रांत एखादा पेला घेतला की म्हणतात, मनमोकळा आहे! हे सगळे कवडसे. उन्हाळ्यात नाचतात. पावसाळा आला, म्हणजे आजारपण आलं, नापिकी आली, म्हातारपण आलं, की त्याच भोकातून घरभर पाणी. म्हणून संत सांगतात, दारं लावून आत उभा राहा. इंद्रियांची दारं लाव. थोडा अंधार होऊ दे. मग तुझं तुलाच दिसेल, कुठं कुठं उजेड चुकीच्या जागेतून येतोय ते.

(विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल.)

दुसरं. ज्यांनी मागच्या पावसात गळती सोसली, ते म्हणतील, महाराज, आम्हाला माहितीय कुठं गळतं ते. चुलीवर गळतं. तर चुलीच्या वरचं कौल बदलतात. पाऊस आला की पुन्हा चुलीवर गळतं! का बरं? कारण पाणी जिथं शिरतं तिथंच टपकत नाही. ते आढ्याजवळ शिरतं, वाशावरनं घसरत घसरत येतं, एखाद्या गाठीशी, खिळ्याशी अडतं आणि तिथं थेंब खाली सोडतं. म्हणून टपकतं त्या जागेवरनं उताराच्या उलट वर वर शोधत जायचं. ओलीचा काळा ओघळ वाशावर दिसतो. तो धरून जायचं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण आढ्याचं पाणी वळचणीपर्यंत नक्की येतं.

आता हे घरात लावा. बाप्पा संध्याकाळी घरी आला आणि बायकोवर ओरडला. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून. गळतं कुठं? कालवणात. शिरलं कुठनं? सोसायटीच्या कर्जातनं. सावकाराच्या शब्दातनं. भावाशी बांधावरनं झालेल्या भांडणातनं. तिथं शिरलं, दिवसभर वाशावरनं घसरत आलं, आणि टपकलं त्या माउलीच्या डोक्यावर. बिचारी दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालते. चुलीवरचं कौल बदलते. उपयोग काय? भोक वर आहे, बाबा! वर जाऊन बघ.

तिसरं बघणं वरून. इथं प्रत्येक मुलखाचं छप्पर वेगळं, त्याचं औषध वेगळं.

कोकणातले वारकरी आलेत, त्यांचं घर कौलारू. नळ्यांचं असेल तर नळे दरवर्षी परतायचेच. मंगळुरी कौल असेल तर काम कमी. १८६५ साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तिथनं हे खाचेत खाच बसणारं कौल आपल्याकडं आलं. ते सहसा सरकत नाही, पण वानरांना ते कोण सांगणार? एक कळप छपरावरनं गेला की दहा-वीस कौलांचा चुरा. म्हणून फुटकी कौलं काढा, शेवाळ खरवडा, आढ्यावरच्या कौलांचा गिलावा फुटला असेल तर तो पुन्हा भरा. कौलं उतरवलीच आहेत तर रिपा बघा, वासे बघा. वाळवी लागली असेल तर आत्ताच कळेल. एरवी आपल्यात म्हण आहे, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. बरोबर आहे. दुसऱ्याच्या घरचे मोजू नका! पण स्वतःच्या घरचे वर्षातून एकदा मोजलेच पाहिजेत. आणि मातीच्या भिंतीला पावसाच्या बाजूनं झावळ्यांची झापं बांधा. छप्पर धड आणि भिंत भिजली, तरी घर बसतं.

नवं कौल चढवताना गवंडी काय करतो, बघितलंय? बोटाच्या पेरानं टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर घेतो. बदबद वाजलं तर बाजूला ठेवतो. आत चीर आहे, डोळ्याला दिसत नाही, पण आवाज लपत नाही. ही विद्या कुणाची? आमच्या गोरोबाकाकांची! तेरचे गोरोबा कुंभार. संतांचा मेळा घरी जमला होता. मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे काय आहे? काका म्हणाले, हे थापटणं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आम्ही पण मडकीच की! बघा ना, कोण कच्चं, कोण पक्कं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत. नामदेवराय रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. एवढा मोठा भक्त, देव ज्याच्याशी बोलतो, तो कच्चा ठरला! आणि मोठेपण बघा, नामदेव पुढं औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. टिचकी कुणी मारली तर रागावू नका. बदबद आवाज आला तर तो टिचकी मारणाऱ्याचा दोष नाही.

आता देशावरची, मराठवाड्यातली मंडळी. तुमच्याकडं जुनी घरं माळवदाची. खाली तुळया, वर लाकडं, तुराट्या, पाला, त्यावर माती आणि वरनं पांढरीचा थर. उन्हाळ्यात थंडगार. पण माळवदाचा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. पावसाळा संपल्यावर वर गवत उगवतं, वाळतं, त्याच्या मुळांनी चिरा पडतात. उंदीर-घुशी बिळं करतात. म्हणून आत्ता वर जा. गवत मुळासकट काढा, बिळं ठेचून भरा, पांढरी माती टाकून चोपून घ्या. उतार पन्हाळाकडं ठेवा आणि पन्हाळाचं तोंड मोकळं करा. धूर जायला ठेवलेलं सानं झाकायची फरशी जागेवर आहे का बघा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. दरवर्षी माती टाकायची, टाकायची, जुनी काढायचीच नाही, असं करू नका. ओझं वाढत जातं. पन्नास वर्षांची माती वर, आणि खाली आजोबांच्या काळातल्या तुळया! वरची भिजली की वजन आणखी वाढतं आणि रात्री झोपेत घर बसतं. जुनी सैल माती आधी खाली उतरवा, मग नवी टाका. मनाचंही तसंच. दरवर्षी नवा नेम, नवं व्रत, नवी माळ. जुना अहंकार उतरवलाच नाही. मग ते व्रतच ओझं होतं.

ज्यांचं घर पत्र्याचं, त्यांनी वळवाच्या आधीच काम करायचं होतं. वळवाचा वारा पत्र्याच्या खाली शिरतो आणि पत्रा उचलतो. हुकाचे नट सैल झालेत का बघा. त्याखालचं रबर उन्हानं चिरतं, ते बदला. पत्र्यावर नुसते धोंडे ठेवून भागत नाही. वादळात पत्रा उडाला की धोंडा आत पडतो, तो कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. पत्रा वाशाला बांधा, धोंड्याला नाही. आणि स्लॅबवाले निर्धास्त बसलेत, त्यांनाही सांगतो. गच्चीवर जा. पाणी जायच्या नळीत पानं, चिंध्या, पोरांचा चेंडू अडकलाय का बघा. बादलीभर पाणी ओता आणि खालून पडतं का बघा. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसेल. दोन पानांचं. नुसतं खुडू नका, ते पुन्हा येतं. मुळासकट काढा आणि फट सिमेंटनं भरा. झाड पवित्र आहे, त्याला नेऊन पारावर लावा. घराच्या फटीत ते नको. चांगली गोष्टही चुकीच्या जागी वाढली की भिंत फोडते.

इथपर्यंत ऐकून एखादा भाविक म्हणेल, महाराज, आम्ही पांडुरंगाचे. आमच्या छपराची काळजी त्याला. आम्ही निघालो वारीला, तो बघेल घर. शब्द ऐकायला गोड आहेत. पण मी सांगतो, हे भक्तीचे शब्द नव्हेत, हे आळसाचे शब्द आहेत. आळसानं कपाळाला बुक्का लावलाय, एवढंच.

का म्हणता? अहो, पंढरपुरात देव उभा कशावर आहे? विटेवर. ती वीट कुणी टाकली? पुंडलिकानं. का टाकली? आई-बापाची सेवा चालली होती म्हणून. देव स्वतः दारात आला. दुसरा कुणी असता तर आई-बापाला तसंच टाकून धावला असता. पुंडलिक काय म्हणाला? थांब. हातातलं काम होऊ दे. ही वीट घे, हिच्यावर उभा राहा. आणि देव रागावला का? शाप दिला का? परत गेला का? कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आजतागायत उभा आहे. आपल्या साऱ्या संप्रदायाचा पाया या एका वाक्यावर आहे, की आई-बापाच्या सेवेसाठी देवाला थांबवलं तर देव थांबतो. मग तुमच्या छपरासाठी चार दिवस थांबणार नाही होय?

आता दुसरी बाजू बघा. आषाढात रात्री पाऊस कोसळतोय. तुम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ वाजवताय. इकडं घरी आई उठलीय. एक पातेलं इथं ठेवलं, एक टोप तिथं, एक तांब्या कोपऱ्यात. टप. टण. टप. टण. अंथरूण एकदा इकडं ओढलं, एकदा तिकडं. तुम्ही तिकडं टाळ वाजवताय आणि आई इकडं भांड्यांचा टाळ ऐकत रात्र काढतेय. सांगा, पांडुरंगाच्या कानाला आधी कुठला टाळ ऐकू जात असेल?

(गजर. विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई.)

वारी सोडा असं मी म्हणत नाही. नको, नको. वारी प्राण आहे आपला. मी म्हणतो, वारीची तयारी पिशवी भरण्यापासनं सुरू होत नाही, शिडी लावण्यापासनं सुरू होते. छपराचं शेवटचं कौल बसलं की समजा तुमचं प्रस्थान झालं.

आता उत्तररंग.

नामदेवरायांचा हिंदीतला एक प्रसंग आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यात सोरठ रागातल्या एका पदात तो आलाय. नामदेवांची झोपडी नव्यानं शाकारली गेली. इतकी सुबक, की शेजारीण बघतच राहिली. ती विचारते, नामा, तुझं छप्पर कुणाकडनं करून घेतलंस? मला त्या सुताराचा पत्ता सांग. मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव म्हणतात, बाई, तो सुतार असा सांगून देता येत नाही. तो तर सगळीकडं भरून राहिलाय. आणि त्याची मजुरी पैशात नाही. त्याला प्रेम द्यावं लागतं.

आता यातनं आपण काय घेतो? आपण एवढंच घेतो, की देव येऊन छप्पर शाकारतो. मग बसायचं वाट बघत! पण नामदेव काय सांगतात, ते नीट ऐका. तो सुतार सगळीकडं आहे. म्हणजे कुठं आहे? तुमच्या छपरावर चढलेल्या त्या माणसात आहे! भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, पोटासाठी चढलेला मजूर, त्याच्यात आहे. शेजारणीला वाटलं सुतार वेगळा, देव वेगळा. नामदेवांना दिसलं, की सुतार तोच आणि देव तोच. मग त्या सुताराशी आपण वागतो कसं?

आणि इथं मला चोखोबांकडे यायचंय.

चोखोबा मंगळवेढ्याचे. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, मेव्हणा बंका. सारं घर अभंग रचणारं. एका घरात एवढे कवी, एवढे भक्त, आणि त्या घराला देवळाची पायरी चढायला बंदी. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहून दर्शन घ्यायचे. आणि पोटासाठी काय करायचे? गावकी. मोलमजुरी. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायचं काम निघालं. मजूर लावले. चोखोबा त्यात होते. वैशाखाचे दिवस. भिंत चढत होती. आणि ती भिंत कोसळली. मजूर खाली गाडले गेले. चोखोबा त्यांच्यात होते.

ज्या गावाला राखण्यासाठी ती भिंत होती, त्या गावात चोखोबांना जागा नव्हती. भिंत दुसऱ्यांसाठी, मरण यांचं.

पुढं नामदेवराय आले. ढिगाऱ्यात हाडंच हाडं. चोखोबांची कुठली ओळखायची? परंपरा सांगते, नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली. ज्या अस्थीतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं, त्या चोखोबांच्या. पदरात बांधल्या आणि पंढरपुरात आणल्या. महाद्वारासमोर समाधी दिली. आज तुम्ही नामदेव पायरीजवळ डोकं ठेवता, तिथंच समोर चोखोबा आहेत. आणि त्यांच्या लोकांना आत जायला किती वर्षं लागली? १३३८ पासनं मोजा. १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. सहाशे नऊ वर्षं.

मायबाप, म्हणून आजच्या दिवशी छपराची गोष्ट काढली. आपल्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्या तरी जिवावर उभं राहतं. चोखोबांची पुण्यतिथी करायची म्हणजे हार घालून मोकळं व्हायचं नाही. या वैशाखात तुमच्या घरावर जो माणूस चढेल, तो खाली सुखरूप उतरला पाहिजे. ही चोखोबांची पूजा.

म्हणून सांगतो, लक्षात ठेवा. शिडी चार हात उंच टेकवली, तर तिचा पाय भिंतीपासनं एक हात पुढं पाहिजे. खाली एकानं धरून उभं राहायचं, ते मालकानं. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोरी, आणि ती पक्क्या तुळईला बांधलेली. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नका. वरनं धड दिसतो आणि पाय दिला की कट्कन फुटतो. खालच्या आडव्या आधारावर येईल अशी फळी टाका, फळीवरनं चाला. विजेची तार जवळनं गेली असेल तर आधी वीज बंद करून घ्या. कौलाखाली विंचू असतो, हाताला फडकं गुंडाळा. आभाळात गडगडलं की काम तसंच टाकून खाली. भर बाराच्या उन्हात कुणाला पत्र्यावर चढवू नका. सकाळी लवकर लावा, दुपारी सावलीत बसवा. ताक द्या. आणि संध्याकाळी मजुरी त्याच्या हातात, ठरली तेवढी, त्याच दिवशी. नामदेवांचा सुतार प्रेमाची मजुरी घेतो म्हणून तुम्ही आपल्या सुताराचे पैसे बुडवू नका!

आणि शेवटचं मागणं. कीर्तनकाराला बिदागी देता, ती आज नको. आज मला वेगळं काही द्या.

प्रत्येक गावात दोन-तीन घरं अशी असतात. नवरा गेलाय, लेकरं लहान. म्हातारा-म्हातारी, मुलगा शहरात, फोनसुद्धा करत नाही. एखादा अंथरुणाला खिळलेला. त्यांना माहितीय छप्पर गळतं. पण चढणार कोण? त्या घरांसाठी दिंडी लावा. विणेकऱ्यांनी, दिंडीच्या चोपदारांनी उद्याच बसून गावातली घरं काढा. चारचौघांत नावं वाचू नका, कुणाला लाज वाटेल असं करू नका. घरी जाऊन विचारा, आई, आम्ही आलो तर चालेल का? मग एक दिवस ठरवा. ज्याला छपराचं काम येतं त्यानं चढायचं. ज्याला येत नाही त्यानं खालून कौलं द्यायची. ज्याच्याकडं जुने धड नळे, वासे, पत्रे पडलेत, त्यानं ते आणायचे. बाया-माउल्यांनी भाकरी-पिठलं. म्हाताऱ्यांनी झाडाखाली बसून नाव घ्यायचं. एका दिवसात एक घर होतं. प्रस्थानाला महिना आहे. किती घरं होतील, हिशोब तुम्ही करा.

आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी हलेल, तेव्हा त्या घरातली म्हातारी दारात उभी राहील. तिला पंढरपूरला जाता येत नाही. पण पहिला पाऊस येईल, छपरावर वाजेल, आणि आत एक थेंब येणार नाही. ती अंथरुणात पडून वर बघेल आणि म्हणेल, पांडुरंगा. तिचं ते एक नाव तुमच्या अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर तुमच्या डोक्यावर छत्री धरील.

आपल्या आईचं आणि त्या म्हातारीचं छप्पर धड असेल, तर पंढरपुरात पाऊस कितीही लागो, निवांत भिजा. चंद्रभागेत उभे राहून भिजा. भिजण्याचा खरा आनंद त्यालाच, ज्याच्या घरचं कुणी भिजत नाही.

चोखोबारायांच्या चरणी हीच सेवा रुजू होवो.

बोला पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! संत चोखामेळा महाराज की जय!

रामकृष्ण हरी.